अपंग स्त्री : मन, हक्क आणि मातृत्व

घरातील मुलीला जन्मतः अथवा आजार-अपघाताने अपंगत्व आले, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मुखातून पहिला प्रश्न निघतो तो असा : ‘हिला पुढे कोण सांभाळणार?’ हा प्रश्न मायेपोटीच विचारला जातो, यात शंका नाही. तथापि, त्यात एक निर्णयही दडलेला असतो. ही मुलगी आयुष्यभर सांभाळली जाईल, ती स्वतः कोणाला सांभाळणार नाही, असा तो निर्णय होय. तिचे शिक्षण, नोकरी, विवाह आणि मातृत्व यांविषयी घर व गाव पुढे जे जे ठरविते, ते बहुधा या एका गृहीतातून आलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे आणि ते बदलण्याच्या कामी ग्रामपंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा यांना काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी सुमारे १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. एकूण संख्येपैकी सुमारे १ कोटी ८६ लाख व्यक्ती ग्रामीण भागात राहणाऱ्या होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले गेले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. शासकीय व्यवहारात आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द बदलला ही गोष्ट स्वागतार्ह खरी. परंतु शब्दामागची दृष्टी बदलली की नाही, याची कसोटी अपंग स्त्रीच्या बाबतीतच अधिक कठोरपणे लागते. कारण अपंग म्हणून आणि स्त्री म्हणून, असे दुहेरी परावलंबन तिच्या माथी मारलेले असते.

कोल्हापूरचे उदाहरण

या गृहीताला प्रत्यक्ष आयुष्याने उत्तर देणाऱ्या स्त्रियांमध्ये कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९५० चा. शालेय शिक्षण संपत येण्याच्या वयात, सोळाव्या-सतराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या शरीराचा कमरेखालील भाग लुळा पडला.

मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे केवळ चालणे थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती याहून बिकट असते. कमरेखालची संवेदना जाते, मलमूत्रविसर्जनावरील नियंत्रण जाते. एकाच जागी फार वेळ बसल्याने अथवा पडून राहिल्याने त्वचेवर दाब येऊन जखमा होतात आणि त्या झाल्याचे रुग्णाला कळतही नाही. अशा जखमा व मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी पूर्वी अनेकांचे प्राण घेतले आहेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलणे, रात्री दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचेची रोज तपासणी करणे, ही शिस्त आयुष्यभर पाळावी लागते. ऐन उमेदीच्या वयात हे सारे पदरी आलेल्या मुलीच्या मनाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

या निराशेच्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण या गृहस्थांशी झाली. तेही त्यांच्यासारखेच चाकाच्या खुर्चीत बसणारे होते. परंतु उद्योग-व्यवसाय करीत स्वावलंबी आयुष्य जगत होते. डॉक्टरांनी आणि आप्तांनी अनेक वेळा दिलेला धीर जे करू शकला नाही, ते या एका भेटीने केले. पुढे नसीमा हुरजूक यांनी शिक्षण घेतले आणि केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क विभागात नोकरी केली. शासकीय नोकरी, नियमित वेतन आणि घरच्यांचा आधार एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे आयुष्य यशस्वीच म्हटले गेले असते. त्या तेथे थांबल्या नाहीत, हे त्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्य होय.

१९८४ मध्ये कोल्हापूर येथे ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत नसीमा हुरजूक अग्रभागी होत्या. अपंग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह, अपंग व धडधाकट मुले एकत्र शिकतील अशी शाळा, चाकाच्या खुर्च्या व कॅलिपर तयार करणारी कार्यशाळा, असा संस्थेचा विस्तार होत गेला. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात ‘स्वप्ननगरी’ या नावाने काजू प्रक्रियेचा प्रकल्पही उभा राहिला. संस्थेच्या कामासाठी त्यांनी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

मानसशास्त्र काय सांगते?

या आयुष्याकडे केवळ ‘असामान्य जिद्द’ म्हणून पाहिले, तर त्यापासून इतरांना घेण्यासारखे फारसे उरत नाही. जिद्द ही कोणाला वाटून देता येत नाही. म्हणून या बदलामागील मनोव्यापार समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या व अन्य व्यक्तींच्या मनःस्थितीचा अभ्यास तामारा डेंबो, बिएट्रिस राइट आदी मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी अमेरिकेत केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या राइट यांच्या ग्रंथाने या विषयाचा पाया घातला, असे मानले जाते. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट खेड्यापाड्यांत रोज अनुभवास येते. माणसाच्या शरीरात एखादे व्यंग दिसले की, पाहणारा त्या व्यंगाचा डाग मनातल्या मनात सबंध माणसावर पसरवितो. पाय अधू असलेल्या स्त्रीशी लोक उगाच मोठ्याने बोलतात, जणू तिला ऐकू येत नाही. तिच्याविषयीचा प्रश्न तिला न विचारता तिच्या सोबतच्या माणसाला विचारतात, जणू तिला बुद्धी नाही. आणि तिला मूल सांभाळता येणार नाही, असे न तपासताच ठरवून टाकतात. व्यंग असते पायात. निकाल दिला जातो मनाचा, बुद्धीचा आणि मातृत्वाचा.

याच अभ्यासकांनी दुसरीही एक गोष्ट नोंदविली. अपंग व्यक्तीने दुःखी असावे, अशी समाजाची नकळत अपेक्षा असते. ती हसतमुख दिसली, नटली, सणासमारंभात पुढे झाली, तर लोकांना ते खटकते. शोक करीत राहणे हेच जणू तिचे कर्तव्य! बाहेरून पाहणाऱ्याला अपंगत्व म्हणजे सबंध आयुष्याचा नाश वाटतो. प्रत्यक्ष जगणाऱ्याला मात्र ते अनेक अडचणींपैकी एक असते. हा दोन दृष्टींमधील फरक ध्यानी न घेतल्यामुळे, धोरणे आखणाऱ्यांच्याही हातून चुका होतात.

मग मन सावरते कसे? राइट यांच्या विवेचनाप्रमाणे त्यात काही मूल्यपालट घडावे लागतात. गेलेल्या क्षमतेपलीकडेही आयुष्यात मोलाच्या गोष्टी आहेत, याची जाणीव होणे. रूप व शरीरबल यांना दिलेले अवास्तव महत्त्व कमी होणे. अपंगत्वाचा परिणाम जेवढ्या भागापुरता आहे तेवढ्यापुरताच मर्यादित ठेवणे. आणि ‘इतरांच्या मानाने मी किती कमी’ या मोजमापाऐवजी ‘माझ्याजवळ आहे त्याचा उपयोग काय’ असा विचार करणे. नसीमा हुरजूक यांच्या आयुष्यात हे सारे टप्पे दिसतात. येथे बाबूकाका दिवाण यांच्या भेटीचे महत्त्व उमगते. समान अवस्थेतील माणूस समोर काम करताना दिसणे, हा उपदेशाहून मोठा उपचार असतो. कारण तेथे ‘तुला जमेल’ असे सांगावे लागत नाही, जमलेले दिसते.

तालुक्यातील शिक्षकांना व आरोग्यसेवकांना यातून एक साधा बोध घेता येईल. नव्याने अपंगत्व आलेल्या मुलीला भेटावयास जाताना सांत्वनाच्या शब्दांपेक्षा, तिच्यासारखीच एखादी नोकरी करणारी, संसार करणारी, शिकविणारी स्त्री सोबत नेता आली, तर ते अधिक फलदायी ठरेल.

पालकत्वाचा व्यापक अर्थ

‘घरौंदा’ या शब्दाचा अर्थ घरटे असा होतो. वसतिगृह चालविणे म्हणजे केवळ निवास व भोजन यांची व्यवस्था करणे नव्हे. दूरच्या खेड्यातून आलेल्या, घरात कोपऱ्यात बसून राहिलेल्या मुलाला शौचाची शिस्त लावणे, जखम होऊ न देणे, कॅलिपर चढविण्यास शिकविणे, शस्त्रक्रियेच्या वेळी उशाशी बसणे, परीक्षेच्या काळात धीर देणे आणि पुढे त्याने स्वतःच्या पायांवर, अथवा चाकांवर, निघून जावे यासाठी मन घट्ट करणे, हे सारे पालकाचेच काम होय. ज्या मुलीविषयी ‘हिला कोण सांभाळणार’ असे समाजाने विचारले असते, तिला मुले ‘दीदी’ म्हणू लागली.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. संस्थेच्या पालकत्वाचा गौरव करताना, अपंग स्त्रीच्या स्वतःच्या कुटुंबाचा, विवाहाचा व अपत्याचा प्रश्न टाळला जाता कामा नये. सेवा हा काही संसाराचा पर्याय म्हणून तिच्यावर लादण्याचा विषय नाही. कोणता मार्ग स्वीकारावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे.

मातृत्व : समज आणि वस्तुस्थिती

अपंग स्त्रीच्या मातृत्वाविषयी समाजात तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला, तिला मूल होणार नाही. दुसरा, झाले तर तेही अपंगच होईल. तिसरा, तिला ते वाढविता येणार नाही.

पहिला आक्षेप बहुतेक प्रकारांत निराधार आहे. मज्जारज्जूची इजा झालेल्या स्त्रीचीही मासिक पाळी काही महिन्यांत बहुधा पूर्ववत होते आणि तिला गर्भधारणा होऊ शकते. अर्थात अशा गरोदरपणात विशेष दक्षता आवश्यक असते. मूत्रमार्गाचा संसर्ग, दाबामुळे होणाऱ्या जखमा, पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे आणि रक्तक्षय यांकडे लक्ष पुरवावे लागते. इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असेल, तर प्रसूतीच्या कळा तिला नेहमीप्रमाणे जाणवत नाहीत. म्हणून शेवटच्या आठवड्यांत वारंवार तपासणी करावी लागते. इजा सहाव्या मणक्याच्या वर असेल, तर रक्तदाब एकाएकी वाढून तीव्र डोकेदुखी व घाम येणे, असा धोका संभवतो व तो जीवघेणाही ठरू शकतो. अशा स्त्रीची प्रसूती सर्व सोयी असलेल्या रुग्णालयातच व्हावयास हवी. परंतु केवळ अपंगत्वाच्या कारणावरून शस्त्रक्रियेनेच प्रसूती करावी लागते, असे मात्र नाही.

दुसरा आक्षेप प्रकारानुसार तपासावा लागतो. पोलिओ, अपघात, संसर्ग यांनी आलेले अपंगत्व अपत्याकडे जात नाही. काही प्रकार आनुवंशिक असतात. त्यांविषयी वैद्यकीय सल्ला उपलब्ध आहे. भारतात वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि, त्यापूर्वी पोलिओ झालेल्या हजारो मुली आज आया व आज्या आहेत. त्यांच्यापैकी काहींना अनेक वर्षांनी स्नायूंची नवी दुर्बलता व थकवा जाणवू लागतो. हा आळस अथवा वयाचा परिणाम नसून, वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली अवस्था आहे, हे आरोग्यसेवकांनी ध्यानात ठेवणे इष्ट होय.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर अपंग मातांनी स्वतःच दिले आहे. अंध माता बाळाच्या पायांत घुंगरांचे वाळे घालून त्याचा ठाव ठेवते. हा उपाय तर आपल्या घराघरांत पूर्वापार आहे. कर्णबधिर माता रात्री बाळाच्या अंगावर हात ठेवून निजते. चाकाच्या खुर्चीतील मातेला झोळी कमी उंचीवर बांधून दिली अथवा मांडीवरील बाळासाठी एक रुंद पट्टा दिला, की मोठी अडचण दूर होते. अमेरिकेतील बर्कले येथे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या संस्थेने अपंग मातापित्यांसाठी एका बाजूने उघडणारे पाळणे, खुर्चीला जोडता येणारी साधने अशी अनेक उपकरणे विकसित केली. स्वतः पोलिओचे परिणाम सोसलेल्या रोडा ओल्किन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी अपंग मातापित्यांच्या प्रश्नांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांसाठी ग्रंथ लिहून अपंगत्वाविषयीच्या रूढ कल्पनांवर बोट ठेवले. या सर्व प्रयत्नांचा इत्यर्थ एकच : आई कशी वाढविते, हे तिच्या हातापायांपेक्षा तिला मिळणाऱ्या साधनांवर व आधारावर अधिक अवलंबून असते.

निर्णय कोणाचा?

निर्णय तिचा नसला म्हणजे काय घडते, याचे कटू उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील संस्थेतील मतिमंद मुलींवर पुण्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. पाळीच्या काळातील स्वच्छतेची अडचण हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. अत्याचारातून गर्भधारणा होण्याच्या भीतीचाही उल्लेख झाला. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, देशभर चर्चा झाली आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. फक्त त्याचा पुरावा नाहीसा होतो, हा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. व्यवस्थेतील उणिवेचा उपाय मुलीच्या शरीरावर करण्यात आला होता, हे त्या प्रकरणाचे मर्म होय.

त्यानंतरच्या काळात कायदा बराच पुढे गेला. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. विवाह, कुटुंब व पालकत्व यांचा हक्क त्यात स्पष्टपणे मान्य केलेला आहे. २००९ मध्ये चंदीगड येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अपत्याला जन्म देण्याविषयीची निवड हा स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगून, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या इच्छेविरुद्ध पाडण्यास नकार दिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यातील काही कलमे प्रत्येक पंचायत सदस्याला ठाऊक असावयास हवीत. कलम ९ नुसार, केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही बालकाला त्याच्या आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. बालकाच्या हितासाठी आवश्यक असल्यास सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो. कलम १० नुसार, प्रजनन व कुटुंबनियोजन यांविषयी योग्य माहिती मिळण्याची तरतूद शासनाने करावयाची आहे आणि स्वेच्छेने व समजून दिलेल्या संमतीखेरीज वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. संमतीवाचून अपंग स्त्रीचा गर्भपात घडवून आणणाऱ्यास कलम ९२ अन्वये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. तीव्र अपंगत्वाच्या प्रसंगी डॉक्टरांचे मत व पालकांची संमती असल्यास त्यास अपवाद आहे. दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण असून त्यात अपंग स्त्रियांना अग्रक्रम आहे.

केंद्र शासनाने आपल्या अपंग महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी विशेष भत्ता २००८ पासून लागू केला. २०१७ मध्ये तो दरमहा ३,००० रुपये झाला. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत तो मिळतो. अपंग मातेला मूल वाढविण्यासाठी अधिक खर्च येतो व तो समाजाने उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. शेतात व घरात राबणाऱ्या मातेपर्यंत ते तत्त्व अद्याप पोहोचावयाचे आहे.

तुडीलसारख्या गावात

कायद्याने दार उघडले, म्हणजे माणूस आत जाऊ शकतो असे नाही, हे महाड तालुक्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह करून ते पाणी ओंजळीत घेईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. अस्पृश्यता आणि अपंगत्व हे प्रश्न भिन्न आहेत, त्यांची कारणेही भिन्न आहेत. परंतु कागदावर खुली असलेली सार्वजनिक जागा प्रत्यक्षात प्रत्येकाला गाठता येते काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावात हा प्रश्न पायरीपासून सुरू होतो. कोकणात पावसाचे प्रमाण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. म्हणून घरांची व सार्वजनिक इमारतींची जोती उंच. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. वाड्या चढउतारावर विखुरलेल्या. कुबडी घेऊन चालणाऱ्या स्त्रीला चार महिने घराबाहेर पडणे दुरापास्त होते. रुग्णालय अथवा तहसील कार्यालय गाठावयाचे, तर महाडपर्यंत कोणाची तरी सोबत लागते.

या भागातील अनेक पुरुष नोकरीनिमित्त मुंबईस अथवा आखाती देशांत असतात. घराचा कारभार स्त्रियांवर असतो. अशा घरातील अपंग स्त्री बसल्या जागी भाकऱ्या भाजते, भाजी निवडते, जावेची वा भावाची मुले सांभाळते, त्यांचा अभ्यास घेते, म्हाताऱ्या सासऱ्यांना औषध देते. कागदोपत्री मात्र तिची नोंद ‘आश्रित’ अशी होते. ‘ही कोणाला सांभाळील’ या प्रश्नाचे उत्तर घरात रोज समोर असते. ते कोणी मोजत नाही, एवढेच.

पंचायतीच्या अधिकारातील गोष्टी पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ही रक्कम वर्षअखेरीस सरसकट वाटून टाकण्याऐवजी, गावातील दिव्यांग स्त्रियांना विचारून तिचा विनियोग ठरविला, तर तीच रक्कम अधिक काम करील. ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी, शाळा व आरोग्य उपकेंद्र येथे पायऱ्यांशेजारी उतरता मार्ग असावा. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी, हे त्याचे प्रमाण आहे. याहून उभा चढ केला, तर तो केवळ छायाचित्रापुरता उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंस कठडा, खडबडीत पृष्ठभाग, सुमारे तीन फूट रुंद दार आणि आधाराची दांडी असलेले बैठे शौचालय, एवढ्या गोष्टी स्थानिक गवंडी व सुतार करू शकतात.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हे सर्व सवलतींचे मूळ होय. बहुतेक लाभांसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्व असावे लागते. त्यासाठीच्या फेऱ्या स्त्रीला एकटीने करणे कठीण असते. म्हणून तालुक्यात शिबिर भरेल तेव्हा वाहनाची सोय पंचायतीने करणे उचित ठरेल. संजय गांधी निराधार अनुदान योजना याच सावित्रीच्या काठच्या आंबेत गावचे सुपुत्र बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये सुरू झाली. तिची माहिती गावोगावी असली, तरी अपंग स्त्रीच्या नावे आलेले अनुदान तिच्याच हाती पडते काय, हे ग्रामसभेने अधूनमधून पाहणे आवश्यक आहे.

आशा कार्यकर्तीने अपंग गरोदर स्त्रीची नोंद पहिल्या तिमाहीतच करून, प्रसूती कोठे व कशी व्हावयाची याचे नियोजन वैद्यकीय अधिकाऱ्यांसमवेत करावे. मुख्याध्यापकांनी पालकसभा तळमजल्यावर घ्यावी. अन्यथा अपंग आई मुलाच्या शाळेत कधीच येत नाही आणि ‘तिला मुलाच्या शिक्षणाची आस्था नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. सभेची सूचना कर्णबधिर आईला लेखी मिळावी, अंध आईला निकालपत्र वाचून दाखवावे.

जुलै २०२१ मध्ये महाडला महापुराने वेढले आणि याच तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. आपत्तीच्या वेळी ज्यांना पळता येत नाही, ज्यांना भोंगा ऐकू येत नाही अथवा ज्यांना वाट दिसत नाही, अशा व्यक्तींची वाडीवार यादी व त्यांना हलविण्यासाठी नेमलेली माणसे, ही तयारी पावसाळ्यापूर्वीच व्हावयास हवी. कायद्यानेही आपत्तीत दिव्यांगांच्या संरक्षणाची जबाबदारी यंत्रणेवर टाकली आहे. आणि ज्या घरात अपंग स्त्रीजवळ लहान मूल आहे, त्या घराचे नाव यादीत सर्वांत वर असावे.

महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाची घोषणा केली. विभाग, कायदा, निधी ही साधने आता हाताशी आहेत. नसीमा हुरजूक यांच्या आयुष्यक्रमावरून दिसते ते हे की, अपंग स्त्रीला प्रथम लागतो तो तिच्यासारख्या दुसऱ्या माणसाचा विश्वास, मग चाकांना वाट आणि हाताला काम. त्यानंतर ती स्वतःपुरती न राहता इतरांचाही भार उचलते. यातील वाट करून देण्याचे काम पंचायतीचे आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पाच टक्के निधीचा विषय असेलच. त्या दिवशी गावातील दिव्यांग स्त्रिया सभेच्या जागेपर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था करून, पहिले मत त्यांचेच घ्यावे. निधी कशासाठी हवा, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाही सांगता येणार नाही.